बोअर किंवा विहिरीतला पंप वर काढायचाय? घोडी, कैची आणि कप्पी लावण्याची पद्धत

ट्रॅक्टरवरची क्रेन अरुंद बोळात शिरत नाही, उभ्या उसात नेता येत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात तर सांगून ठेवली तरी नंबर लागायला दिवस जातात. पिकाला तेवढा दम नसतो. अशा वेळी तीन पाइप, एक चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र) आणि समजूतदार चार-सहा माणसं असली की पंप वर येतो. आमच्या वस्तीवर आणि शेजारच्या वाड्यांवर मी हे काम बरीच वर्षं करत आलोय. नवीन मुलं हाताशी येतात तेव्हा त्यांचे प्रश्न तेच तेच असतात आणि त्यांची घाईही तीच असते. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढलं.

माझं पहिलं आणि ठाम सांगणं: साखळी ओढायला सुरुवात होते तेव्हा निम्म्याहून जास्त काम झालेलं असायला हवं. वजन किती, उंची किती, पाय कुठे रोवायचे, दोर कुठे बांधायचा हे सगळं आधी ठरतं. एकदा पाइप हवेत लटकला की दुरुस्तीला फारशी जागा उरत नाही.

१. आधी ठरवा: घोडी, कैची की एकखांबी?

तीन पायांची घोडी (काही ठिकाणी तिला तिवई किंवा तिकाटणं म्हणतात) बोअरसाठी उत्तम. बोअरचं तोंड लहान असतं, तीन पाय भोवती टेकतात आणि भार बरोबर मधोमध येतो. तिला तणावे (बाजूने ताणून बांधायचे दोर) लागत नाहीत. नवख्या माणसाने सुरुवात घोडीपासूनच करावी.

उघड्या विहिरीवर घोडी चालत नाही, कारण विहिरीचा व्यास पाच-सहा मीटर किंवा त्याहून जास्त असतो आणि पाय टेकायला जागाच नसते. तिथे दोन पायांची कैची काठावर उभी करून थोडी विहिरीकडे झुकवतात आणि मागून तणाव्याने धरतात. विहीर खोदताना दगड-माती वर काढणारी यारी तुम्ही पाहिली असेल. तिचंही तत्त्व हेच: पुढे लटकलेला भार आणि मागे त्याला तोलून धरणारा आधार.

एकखांबी म्हणजे एकच उभा खांब आणि चार दिशांना चार तणावे. जागा अगदीच कमी असेल तर ती कामाला येते, पण एक तणावा सैल पडला की खांब आडवा होतो. ज्याने घोडी आणि कैची दोन्ही नीट हाताळली आहे अशा माणसाशिवाय एकखांबीच्या वाटेला जाऊ नका.

२. वजन कागदावर काढा

‘पंप तर चाळीस-पन्नास किलोचाच आहे’ हे वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकतो. वर फक्त पंप येत नाही. त्याच्यावरची पाइपची पूर्ण माळ येते आणि त्या पाइपमधलं पाणीही येतं. पंपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं खाली जाऊ न देणारी झडप असते. ती चांगल्या स्थितीत असेल तर मोटर बंद असतानाही पाइप वरपर्यंत भरलेला राहतो.

उदाहरण घ्या. ४० मिमी (दीड इंची) मध्यम जाडीचा जीआय पाइप, ६ मीटरचे १५ नग, म्हणजे ९० मीटर.

– पाइप: मीटरला ३.६१ किलो, म्हणजे सुमारे ३२५ किलो
– आतलं पाणी: मीटरला साधारण १.४ किलो, म्हणजे सुमारे १२५ किलो
– पंप, मोटर, केबल आणि क्लॅम्प: ५० किलो धरा

बेरीज ५०० किलो. ३२ मिमी (सव्वा इंची) पाइप असेल तर मीटरला ३.१४ किलो, ५० मिमी (दोन इंची) असेल तर ५.१० किलो. हे सगळे मध्यम जाडीचे आकडे आहेत, जाड पाइपला त्याहून जास्त धरा. बोअरमधल्या पाण्यात बुडालेल्या भागाला थोडी उचल मिळते, पण ती हिशेबात धरू नका. तेवढी सवलत पदरी राहू द्या.

पाइप किती आहेत हे आठवणीवर सोडू नका. बोअर घेतल्यावर मिळालेला नोंदीचा कागद, पंप बसवतानाचं बिल किंवा स्टार्टरच्या पेटीत लिहिलेली नोंद शोधा. बोअर ३०० फूट आहे म्हणून पाइपही ३०० फूट असतील असं नाही.

३. कप्पीचं गणित समजून घ्या

इथे गैरसमज फार आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

वर एकच कप्पी बांधून दोर खाली ओढला तर जोर अजिबात कमी होत नाही. आडावरून पाणी शेंदताना रहाट हेच करतो: ओढण्याची दिशा बदलतो, त्यामुळे अंगाचं वजन वापरता येतं. पण शेंड्यावर येणारा भार मात्र दुप्पट होतो. १०० किलो उचलताना दुसऱ्या बाजूने तुम्हीही १०० किलोने खाली ओढत असता, म्हणजे शेंड्याला २०० किलो पेलावे लागतात. घोडीचा शेंडा आणि वरचा हूक या हिशेबाने निवडायला हवेत.

जोर कमी होतो तो खालची, भाराबरोबर वर सरकणारी कप्पी लावल्यावर. तिच्यामुळे भार दोराच्या दोन पदरांवर वाटला जातो आणि निम्म्या जोरात काम होतं. वर दोन चाकांची आणि खाली दोन चाकांची कप्पी लावली तर चार पदर होतात आणि जोर चौथाई लागतो. मात्र भार १ मीटर वर यायला दोर ४ मीटर ओढावा लागतो. प्रत्येक चाकाच्या घर्षणात काही टक्के जोर जातोच, त्यामुळे ५०० किलोला कागदावर १२५ किलोचा जोर दिसला तरी प्रत्यक्षात दीडशेच्या पुढे लागतो. एवढा दोर हातांनी ओढून धरून ठेवणं धोक्याचं आहे. कुणाचा पाय घसरला तर सगळा भार खाली जातो.

म्हणून बोअरसाठी दोर-कप्पीपेक्षा चेन ब्लॉक घ्या. त्याच्या आत दातेरी चाकं आणि भारावर आपोआप बसणारा ब्रेक असतो. साखळी सोडली तरी भार जागच्या जागी राहतो. १ टनाच्या ब्लॉकला पूर्ण भारावरही साधारण तीस-पस्तीस किलोचा जोर पुरतो, म्हणजे एक माणूस ५०० किलो आरामात उचलतो. काम सावकाश होतं, हातसाखळी मीटरच्या मीटर ओढावी लागते, पण हा सावकाशपणाच आपल्याला हवा असतो. विकत घेताना आयएस ३८३२ हे मानक, क्षमता कोरलेली पट्टी आणि चाचणीचा दाखला बघून घ्या. भाड्याने आणला तर हुकाचं तोंड पसरलेलं नाही ना आणि हुकावरची खिटी जागेवर आहे ना, हे दुकानातच तपासा.

४. उंची मोजा, मगच घोडी आणा

१ टनाचा चेन ब्लॉक दुकानात सहसा ३ मीटर उचलीचा मिळतो. आपला पाइप असतो ६ मीटरचा. माणसं तोच ब्लॉक आणि पंधरा फुटी घोडी घेऊन येतात, पहिला पाइप अर्धा वर येतो आणि काम अडतं. क्लॅम्प पाइपवर खाली सरकवून पुन्हा उचलू म्हटलं तर पाइपचं वरचं टोक थेट हुकाला आणि ब्लॉकला भिडतं. मग पाइप तिरका करायच्या, मधेच कापायच्या नाही नाही त्या कल्पना निघतात.

हिशेब असा करा: पाइपची लांबी ६ मीटर, केसिंगवरचा (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या बाहेरच्या पाइपवरचा) क्लॅम्प आणि सॉकेट (दोन पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा) मिळून अर्धा मीटर, स्लिंग (क्लॅम्प हुकाला अडकवायचा दोर किंवा पट्टा) अर्धा मीटर, चेन ब्लॉक आणि थोडी मोकळी जागा मिळून आणखी अर्धा मीटर. म्हणजे शेंडा ७.५ मीटरवर हवा. पाय तिरके असल्यामुळे ते ८ मीटरचे लागतात. ब्लॉकची उचल किमान साडेसहा मीटर हवी. लांब साखळीचा ब्लॉक मागून घेता येतो, तसं दुकानदाराला आधीच सांगा.

तुमचे पाइप ३ मीटरचे असतील तर साडेचार मीटर उंची पुरते आणि काम कितीतरी सोपं होतं. पंप पुन्हा सोडताना ६ मीटरचे पाइप कापून, आटे पाडून ३ मीटरचे करावेत का, असं काहीजण विचारतात. माझं मत: जोड दुप्पट होतात, गळतीच्या जागाही दुप्पट होतात. वारंवार काढावा लागणारा उथळ बोअर असेल तरच करा.

पायांसाठी पाइप निवडताना लांबीकडे लक्ष द्या. लांब पाय तुटण्याआधी मधोमध वाकतो. लांबी दुप्पट झाली की तोच पाइप वाकण्याआधी फक्त चौथाई भार घेतो. साडेचार-पाच मीटरच्या घोडीला ५० मिमीचा मध्यम पाइप चालेल, आठ मीटरला ८० मिमी घ्या. पाय एकसंध हवा, मधे सॉकेटने जोडलेला नको. आट्यांपाशी पाइपची जाडी कमी झालेली असते आणि वाकतो तो तिथेच. निलगिरीच्या बल्ल्या हलक्या कामाला ठीक आहेत, पाचशे किलोला नाही.

५. साहित्याची यादी

– घोडीचे तीन पाय, शेंड्याला जाड पिन किंवा बोल्ट आणि डी-शॅकल
– पायांना जोडणारी साखळी (तिन्ही पायांना पुरेल एवढी)
– पायाखाली ठेवायला लोखंडी पट्ट्या किंवा जाड फळ्या
– १ टनाचा चेन ब्लॉक, योग्य उचलीचा
– पाइपच्या मापाचे दोन क्लॅम्प, दोन्ही जाड पट्टीचे, बोल्टांसह
– वायर रोपची किंवा बेल्टची स्लिंग, क्षमतेचा टॅग असलेली
– दोन मोठे पाइप पाने, क्लॅम्पच्या बोल्टांचे पाने, तारेचा ब्रश
– ओळंबा, सुतळी, बोअरचं तोंड झाकायला गोणपाट
– कैची किंवा एकखांबी असेल तर तणाव्याचे दोर, लांब पहारी किंवा मेखा, घण
– प्रत्येकाला हेल्मेट आणि हातमोजे, पायात बूट

दोराबद्दल एक नियम लक्षात ठेवा. वायर रोपवर त्याच्या तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार देऊ नका. काथ्या किंवा नायलॉनच्या दोरावर दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. गाठ मारली की दोराची ताकद बरीच कमी होते, कधी निम्म्यावर येते. वायर रोपला यू-क्लिप लावून फास करणार असाल तर किमान तीन क्लिप लावा. क्लिपचा गोल यू-बोल्ट दोराच्या आखूड, मोकळ्या शेपटीवर यायला हवा आणि तिचा खाचांचा बसका भाग भार घेणाऱ्या दोरावर. उलटी लावली तर यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चेमटवतो. दुकानातून तयार आलेल्या स्लिंगाही मी या एका गोष्टीसाठी तपासून घेतो.

६. जागा बघा: वर तारा, खाली जमीन

आधी मान वर करा. विजेची तार कुठून गेली आहे? घोडी चुकून आडवी पडली तरी तारेला लागणार नाही, आणि त्यावर आणखी तीन मीटर मोकळे राहतील, इतकं अंतर हवं. लोखंडी पाइप उभा करताना तो झोलतो, तेव्हा अंदाज चुकतो. ११ केव्हीची तार चिकटण्याआधीच झेप घेते, म्हणून ‘हात लागणार नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. अंतर बसत नसेल तर गावच्या वायरमनला गाठून, रीतसर सांगून लाइन बंद करून घ्या आणि बंद झाल्याची खात्री त्याच्या तोंडून ऐका.

स्टार्टर बंद करा, फ्यूज काढा आणि ते खिशात ठेवा. सायंकाळी लाइट आल्यावर कुणीतरी सवयीने बटण दाबतं.

मग जमीन. मुरमाड जमिनीत पाय चांगले बसतात. काळी माती ओली असेल तर पाय भारासरशी खचतो, तोही एकच खचतो आणि घोडी कलते. पायाखाली फळी किंवा जाड पट्टी द्या. पाऊस होऊन गेला असेल तर दोन दिवस थांबा. फरशी किंवा काँक्रीटच्या ओट्यावर उलट अडचण असते: पाय खचत नाहीत, घसरतात. तिथे पायांची साखळी हाच आधार.

७. घोडी उभी करणं

तिन्ही पाय जमिनीवर आडवे ठेवूनच शेंडा जोडा. पिन घाला, खिळ चढवा, शॅकल लावा, चेन ब्लॉकही शक्य असेल तर आत्ताच अडकवा. दोन पाय पसरवून त्यांच्या तळाशी प्रत्येकी एक माणूस पाय रोवून उभा राहील, तिसरा पाय आत ढकलत शेंडा वर जाईल. आठ मीटरच्या घोडीला सहा माणसं लागतात. चार माणसांत ती उभी करायचा हट्ट धरू नका.

पाय किती पसरवायचे? दोन पायांमधलं अंतर पायाच्या लांबीच्या निम्मं. ८ मीटरच्या पायाला ४ मीटर. या कोनात प्रत्येक पाय बाहेर सरकण्यासाठी भाराच्या साधारण दहाव्या हिश्श्याने ढकलतो. पाय लांबीइतके पसरवले तर हा रेटा दुपटीहून जास्त होतो आणि उंचीही घटते. फार जवळ घेतले तर घोडी बाजूला कलंडते.

तिन्ही तळ साखळीने एकमेकांना बांधा. हे टाळण्याची सबब प्रत्येकाकडे असते: जमीन कडक आहे, पाय खड्ड्यात आहेत, काम थोडंच आहे. साखळी बांधाच.

आता शेंड्यावरून ओळंबा सोडा. तो बोअरच्या बरोबर मध्यावर यायला हवा. दोन बोटांचा फरक असेल तर पाय सरकवून दुरुस्त करा. तिरकी ओढ लागली की पाइप केसिंगच्या काठाला घासतो, आटे जाम होतात आणि एका पायावर जास्त भार जातो.

८. आधी हातभर उचला, मग थांबा

क्लॅम्प वरच्या सॉकेटच्या अगदी खाली लावा, म्हणजे क्लॅम्पची पकड सुटली तरी सॉकेट त्यावर अडकेल. पाइप तेलकट असेल तर पुसा, गंज असेल तर ब्रश मारा. स्लिंग क्लॅम्पच्या दोन्ही कानांत घालून हुकात अडकवा. स्लिंग फार आखूड नको. तिचे दोन पदर आडव्याशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर भाराच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. ३० अंशांवर आले तर प्रत्येक पदरावर पूर्ण भाराएवढा ताण येतो.

साखळी ओढून भार हातभर उचला आणि थांबा. सगळ्यांनी लांब व्हा. पाय खचले का, साखळी ताणली गेली का, शेंड्याची पिन वाकते का, ब्लॉक घसरतो का ते दोन मिनिटं बघा. काही खटकलं तर भार पुन्हा खाली टेकवा आणि दुरुस्त करा.

एक माणूस ओढत असताना साखळी जड होऊन अडकली, तर दुसऱ्याने हात लावायचा नाही. ५०० किलोचा हिशेब केलेला असताना १ टनाचा ब्लॉक जड जातो याचा अर्थ पंप गाळात किंवा केसिंगच्या जोडात अडकला आहे. दोघा-तिघांनी मिळून ओढलं तर ब्लॉक, घोडी किंवा पाइपचे आटे यांपैकी काहीतरी जाणार. थोडं खाली सोडा, पान्याने पाइप हळूच फिरवा, पुन्हा उचला. फिरवताना फक्त आटे आवळण्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा. उलट फिरवलं तर खाली कुठला तरी जोड सुटतो आणि निम्मी माळ पंपासकट बोअरच्या तळाशी जाते.

९. पाइप एकेक करून काढणं

एक पाइप पूर्ण वर आला, पुढचं सॉकेट केसिंगच्या वर दिसलं, की त्याच्या खाली दुसरा क्लॅम्प आवळा आणि भार हळूच केसिंगवर टेकवा. आता माळ या क्लॅम्पवर उभी आहे. मगच वरचा पाइप दोन पान्यांनी खोला: एक पाना खालचं सॉकेट धरून ठेवतो, दुसरा वरचा पाइप फिरवतो. एक क्लॅम्प भार घेत नाही तोवर दुसऱ्याच्या बोल्टला पाना लावायचा नाही. कितीही सरावाची माणसं असली तरी हा नियम मोडायचा नाही.

जोड सुटताच पाइपमधलं पाणी भसकन बाहेर येतं. पहिल्यांदा करणारा दचकतो आणि पाना सोडतो, म्हणून त्याला आधी सांगून ठेवा. पाने सुतळीने बांधलेले असावेत आणि बोअरच्या तोंडाला गोणपाट गुंडाळलेलं असावं. एक नट आत पडला आणि पंप आणि केसिंगच्या मधे बसला तर पंप जागीच अडकतो.

केबल पाइपसोबत वर घेत जा, तिची गुंडाळी बाजूला ठेवा, तिच्यावर पाय पडू देऊ नका. केबल धरून कधीही ओढायचं नाही. प्रत्येक पाइपवर खडूने क्रमांक टाका. त्याच क्रमाने परत जोडले तर आटे नीट बसतात आणि गंजलेला पाइप नेमका किती खोलीवर होता हेही कळतं.

आवाज एकाचाच असावा. ‘ओढ’, ‘थांब’, ‘सोड’ हे तीन शब्द एकच माणूस बोलेल, बाकीचे ऐकतील. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावं आणि ते लगेच पाळलं जावं. बघ्यांना आणि मुलांना घोडीच्या उंचीइतक्या अंतरापलीकडे ठेवा.

हातपंपाच्या दुरुस्तीत हेच काम लहान प्रमाणात चालतं. जालना आणि सोलापूर इथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवातून पुढे १९७० च्या दशकात इंडिया मार्क-२ हातपंप आला. त्याचे पाइप ३२ मिमीचे आणि ३ मीटरचे. सिलिंडरमधला वायसर बदलायचा तरी पाइपची पूर्ण माळ घोडी लावून वर काढावी लागते. नंतरच्या मार्क-३ मध्ये पाइप ६५ मिमीचा केला, त्यामुळे दट्ट्या पाइपच्या आतूनच वर काढता येतो आणि माळ जागेवर राहते. तुमच्या गावात कोणता पंप आहे ते आधी बघा. मार्क-३ असेल तर वायसरसाठी घोडी आणायचीच गरज नाही.

१०. उघड्या विहिरीवर कैची लावताना

विहिरीतल्या पंपाला बहुतेक एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप असतो, जोड कमी असतात, त्यामुळे वजनही कमी. पण भार काठाच्या पुढे लटकतो, म्हणून मागचा तणावा हाच जीव असतो.

कैचीचे दोन पाय काठापासून मागे, पक्क्या जमिनीवर ठेवा. कडेचा दगड हलत असेल तर आणखी मागे या. दोन्ही पायांचे तळ साखळीने बांधा. मागचा तणावा शेंड्याच्या उंचीइतक्या अंतरावर तरी बांधावा, दीडपट असेल तर उत्तम. कैची किती झुकवायची यावर सगळं अवलंबून आहे. ६ मीटरची कैची १ मीटर पुढे झुकली आणि तणावा ६ मीटर मागे असेल तर तणाव्यावर भाराच्या साधारण चौथाई ताण येतो. तीच २ मीटर झुकवली तर ताण निम्म्याच्या वर जातो. झुकाव तेवढाच ठेवा जेवढा पंप काठाला न घासता वर यायला हवा. कैची पाठीमागे उलटू नये म्हणून पुढच्या बाजूने, विहिरीला वळसा घालून, एक हलका तणावा बांधा.

मेखेसाठी मीटरभर लांबीची पहार दोन तृतीयांश जमिनीत, ओढीच्या उलट दिशेला तिरकी ठोका. तिच्या मागे दुसरी ठोकून पुढचीचा माथा मागचीच्या बुडाशी बांधा. तणाव्याला सुरगाठ मारू नका, ती ओढीने सुटते. मोठं झाड असेल तर बुंध्याशी, जमिनीलगत बांधा. ट्रॅक्टरला बांधणार असाल तर ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेला, चाकांना दगड आणि चावी काढलेली असावी.

पंपाच्या वरच्या हुकाला बांधलेला दोर भार घेईल, एचडीपीई पाइप किंवा केबल नाही. दोर नसेल आणि बांधायला विहिरीत उतरावं लागणार असेल तर इथे थांबा. खोल, बंदिस्त विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि त्याचा वास येत नाही. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. हवा खेळवण्याची सोय, कमरेला दोर आणि वर धरणारी माणसं असल्याशिवाय कुणीही उतरू नये. तळाशी डिझेल इंजिन चालवलेलं असेल तर मुळीच नाही.

११. पंप बाहेर आल्यावर

बोअरचं तोंड लगेच झाका, चहा प्यायला बसण्याआधी. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. गोणपाट हे झाकण नव्हे. लोखंडी टोपी बोल्टने आवळा. पंप दुरुस्तीला जाऊन आठवडा लागणार असेल तर टोपीभोवती काट्याही घाला.

पंप परत सोडताना क्रम उलटा, नियम तेच. आट्यांना धागा आणि पेस्ट लावा, केबल दर तीन मीटरला पाइपला बांधत जा, आणि चेन ब्लॉकची साखळी सोडतानाही एका वेळी एकच माणूस. घोडी उतरवताना आधी चेन ब्लॉक काढा, मग दोघांनी तळ धरून तिसरा पाय हळूहळू बाहेर ओढत शेंडा खाली आणा. पायांची साखळी शेंडा खाली आणायला घेईपर्यंत सोडायची नाही.

चेन ब्लॉक पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी टांगून ठेवा. साखळीला हलकं तेल पुरतं, पण ब्रेकच्या चकत्यांवर तेल जाऊ देऊ नका. स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा: पाइपचा व्यास, नग, प्रत्येकाची लांबी, पंप किती फुटांवर आणि काम केल्याची तारीख.